घरचं आहे म्हणून दिलं

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या चिंगीसाठी १,४९९ रुपयांचा एक खोका मागवला. त्यात घरगुती बिस्किटांची दोन पाकिटं, गोचीड न लागण्याचा गळपट्टा, एक कंगवा आणि पाय पुसायचं रुमालासारखं फडकं होतं. कंगवा आणि फडकं आजही वापरात आहे. बाकीच्या दोन वस्तूंनी चिंगीला मरणाच्या दारात नेलं. हे लिहितेय कारण तोच खोका अजून विकला जातोय.

चिंगी देशी कुत्री आहे, साडेचार वर्षांची, वजन १८ किलो. ऊन आणि दमट हवा एकत्र आली की पुण्यात गोचिडांचा सुळसुळाट होतो. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला भेगा आहेत आणि गोचिडाची मादी अशाच भेगांत हजारो अंडी घालते. रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, काखा तपासायच्या, चिमट्यानं एकेक काढायचा, हा आमचा पावसाळ्यातला नेमच. त्यामुळे फोनवर ती रील दिसली तेव्हा मी थांबून पाहिली. स्वच्छ ओटा, परातीत नाचणीचं पीठ, बाजूला शांत बसलेले दोन लॅब्रॅडोर. एक बाई सांगत होत्या, ‘लसूण घातलेली बिस्किटं रोज द्या, रक्तालाच असा वास येतो की गोचीड चिकटतच नाही.’

मी मेसेज केला. लगेच उत्तर आलं, ‘ताई, माझ्या लेकरांना देते तेच तुम्हाला पाठवते.’ पट्ट्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, परदेशी कंपनीचा आहे, आठ महिने चालतो, आमच्याकडे थेट माल येतो म्हणून निम्म्या किमतीत. खोका घरी आल्यावर पैसे देते म्हटलं, तर ‘छोटा घरगुती धंदा आहे ताई, परवडत नाही.’ मी यूपीआयनं पैसे पाठवून टाकले. बिल मागितलं नाही.

का मागितलं नाही, ते सांगायला हवं. माझी आई पंचवीस वर्षं दिवाळीचा फराळ करून विकायची. गिऱ्हाईकानं ‘तेल कुठलं, बिल द्या’ असं विचारलं की तिचा चेहरा पडायचा, ते मी लहानपणी पाहिलंय. घरून धंदा करणाऱ्या बाईची उलटतपासणी घेणं मला जड जातं. ‘घरगुती’ हा एक शब्द वाचला आणि दुकानदाराला जे प्रश्न मी सहज विचारले असते, ते सगळे गिळले.

पाकिटं उघडली तेव्हा लसणाचा वास असा आला की बाबा स्वयंपाकघरातून विचारायला आले, फोडणी कुणी टाकली? पाकिटावर छापील लेबल, पानाफुलांची नक्षी, आणि खाली चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा परवाना क्रमांक. तो पाहून माझी उरलीसुरली शंका गेली. पट्टा चढवला, आणि खरं सांगते, रोजची तपासणी सैल पडली. आठ महिन्यांचा पट्टा आहे म्हटल्यावर कोण रोज बोटं तपासतं?

बिस्किटं बाबा द्यायचे. दिवसाला तीन, असं पाकिटावर होतं. पण बाबा निवृत्त, दिवसभर घरात ती दोघंच, आणि चिंगी पुढचा पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवून बघत राहते. तीनाची सहा झाली, कधी सात.

तिसऱ्या आठवड्यात तिनं जिना चढायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी जेवण सोडलं. सकाळी खाली नेलं तर लघवी चहासारखी, गडद तपकिरी. मी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. एरवी गुलाबी असतात, त्या धुतलेल्या कापडासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. रिक्षात तिनं मान माझ्या मांडीवर टाकली ती उचललीच नाही.

डॉक्टरांनी पट्टा सोडला. त्याच्या बरोबर खाली, मानेच्या केसांत, फुगून राखाडी झालेले चार गोचीड होते. पट्ट्याला चिकटूनच. ते चार गोचीड स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्याचा बारीक आवाज मला अजून आठवतो.

रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट ४१ हजार, दीड लाखाच्या वर तरी हव्यात. हिमोग्लोबिन ७.४, कुत्र्याचं किमान बाराच्या आसपास असायला हवं. गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया, निघाला. पण डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं. रक्ताचा थेंब लावलेली काच स्वतः बघून त्या बाहेर आल्या आणि विचारलं, ‘हिला कांदा-लसूण खायला घालता का?’ मी नाही म्हणाले. बाबा म्हणाले, ‘बिस्किटं देतो की.’

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, हे मला माहीत नव्हतं. एका पाकळीनं लगेच काही होतंच असं नाही, पण रोज थोडं थोडं पोटात गेलं की परिणाम साठत जातो, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. लसणाची पूड तर ताज्या लसणापेक्षा कितीतरी कडक. काचेवर पेशींच्या कडेला टाचणीच्या डोक्यासारखे फुगवटे दिसत होते, ते डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. गोचीडतापानं रक्त आधीच खाली आलेलं, त्यात ही भर. किती नुकसान कशानं झालं ते वेगळं करून सांगता येणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आणि लसणानं गोचीड पळतात, हा समज चुकीचा आहे, हेही.

बाबा बाकावर बसून होते. ‘घरचं आहे म्हणून दिलं गं मी,’ एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक, तीन दिवस सलाईन, दर आठवड्याला रक्ततपासणी. खर्च साडेसोळा हजारांवर गेला. चिंगी वाचली.

मग मी पाकिटं घेऊन बसले. तो चौदा आकडी क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून कुणालाही तपासता येतो. तो निघाला दुसऱ्याच राज्यातल्या एका मसालेवाल्याचा. आणि क्रमांक खरा असता तरी उपयोग नव्हता, कारण तो ज्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळतो, तो कायदा माणसांच्या अन्नाचा आहे, प्राण्यांचं खाद्य त्यातल्या अन्नाच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे कुत्र्याच्या बिस्किटावर तो आकडा फक्त आपला विश्वास बसावा म्हणून छापलेला. पट्ट्याच्या खोक्याचा फोटो मूळ कंपनीला पाठवला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, हा बॅच क्रमांक आमचा नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, किमतीच्या जागी नुसता चिकटवलेला कागद होता. बंद वेष्टनातल्या मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. मी हे खोका फोडण्याआधी पाहू शकले असते.

त्या बाईंना रिपोर्ट पाठवले. निळ्या खुणा आल्या आणि नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. समोरच्या मुलीनं धीरानं ऐकलं आणि विचारलं, बिल? विक्रेत्याचा पत्ता? माझ्याकडे यूपीआयवरचं एक नाव होतं आणि कुरिअरच्या पावतीवर कुठल्याशा गोदामाचा पत्ता. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार टाकली आहे. ती अजून पुढे सरकलेली नाही. हाती बिल असतं तर गोष्ट वेगळी असती, म्हणून एवढं मागाच. लाज वाटू देऊ नका. पाळीव प्राण्यांचं खाणं मन लावून घरी करणाऱ्या बायका मला आता माहीत आहेत. त्यांतली एकजण न विचारता घटकांची यादी, भाजल्याची तारीख आणि स्वतःचा पत्ता पाठवते. तिला प्रश्न विचारला की बरं वाटतं.

गोचिडांचं औषध आता आम्ही दवाखान्यातूनच घेतो आणि रोजची तपासणी पुन्हा सुरू आहे. खाऊ बाबा करतात. नाचणीचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, एक अंडं. मीठ, साखर, कांदा, लसूण काही नाही. पातळ लाटून कडक होईपर्यंत भाजायचं, आणि दिवसाला दोन. बाबा मोजून डब्यात ठेवतात.

परवा तीच रील पुन्हा दिसली. तोच ओटा, तेच दोन लॅब्रॅडोर, पेजचं नाव नवीन. आता खोक्यात मांजरांसाठीही गोचीड-पिसवांचा पट्टा आहे. नकली पट्ट्यात काय भरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि कुत्र्यांच्या काही औषधांत असतं ते पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक मांजराला झेपत नाही, झटके येऊन जीव जाऊ शकतो. ज्यांनी हा पट्टा मांजराच्या गळ्यात घातला असेल त्यांनी तो आत्ता, हे वाचता वाचता, काढा आणि खोका फेकू नका. बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.