ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये काम करायचंय? एएमडी, इंटेल आणि एनव्हिडिया, तिघांकडे डोकावून बघू

गेल्या महिन्यात शेवटच्या वर्षाची दोन पोरं घरी आली. लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला ग्राफिक्स कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्राममध्ये, हातभार लावायचा आहे, कुठलं कार्ड घेऊ, एवढाच प्रश्न. त्यातल्या एकाचे वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॅकार्ड मागावर आहेत. त्या घरात कार्ड घेणं म्हणजे चार दिवस विचार करून घ्यायचा निर्णय. म्हणून दोघांना जे सांगितलं ते सविस्तर लिहून ठेवतोय.

कोड खुला असणं वेगळं आणि काम खुलेपणानं चालणं वेगळं, हे आधी पक्कं डोक्यात घ्या. मागावर धागा तुटला तर गाठ मारायला आत हात घालता आला पाहिजे. विणून झालेली चादर काउंटरवर उलगडून दाखवली म्हणून कुणी विणकर होत नाही. कंपनी निवडताना हीच कसोटी लावा. कार्डाचा वेग नंतर बघू.

एएमडीपासून सुरुवात करतो, कारण इथे शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. २००६ मध्ये त्यांनी एटीआय घेतली आणि २००७ पासून हार्डवेअरची कागदपत्रं खुली करायला लागले. आजचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर २०१५ मध्ये लिनक्स ४.२ सोबत कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. त्यातला बराचसा कोड कंपनीचे पगारी इंजिनियरच लिहितात. पण शेवटचा शब्द त्यांचा नसतो. २०१६ च्या शेवटी कंपनीनं डिस्प्लेचा भलामोठा कोड आणला. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे एकच कोड चालावा म्हणून मध्ये एक जाड थर घातला होता. कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी तो घ्यायला चक्क नकार दिला. कंपनीच्या माणसांशिवाय कुणाला कळणार नाही असा कोड एकदा आत घेतला की पुढे सांभाळायचा कुणी, हा त्यांचा मुद्दा. इंजिनियरांनी वर्षभर घासून-पुसून तो पुन्हा मांडला आणि ४.१५ मध्ये तो आत गेला. एवढी मोठी कंपनी, पण तिलाही रांगेत उभं राहावं लागलं. मला या प्रकल्पाबद्दल आदर वाटतो तो याच कारणानं.

वल्कनची गोष्ट तर याहून बोलकी. वल्कन म्हणजे गेमसारख्या प्रोग्रामांनी ग्राफिक्स कार्डाशी बोलायची ठरलेली पद्धत; ती २०१६ मध्ये आली. आमचा ड्रायव्हर खुला करू, असं एएमडीनं सांगितलं होतं, पण कोड काही बाहेर येईना. तेव्हा एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी मेसामध्ये, म्हणजे खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या सामायिक प्रकल्पात, एएमडी कार्डांसाठी ‘रॅडव्ही’ हा वल्कन ड्रायव्हर स्वतःच लिहायला घेतला. कंपनीचा ‘एएमडीव्हीएलके’ २०१७ च्या डिसेंबरात खुला झाला, पण त्याचं खरं काम आतच चालायचं आणि बाहेर मधूनमधून गठ्ठा येऊन पडायचा. रॅडव्हीत मात्र कुणीही उघडपणे बदल सुचवायचा, कुणीही वाचायचं. २०१९ मध्ये व्हॉल्व या गेम कंपनीच्या पैशांतून ‘एको’ कंपायलर (शेडर म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, ते कार्डाच्या भाषेत बदलणारा) तयार झाला आणि रॅडव्हीवरचे गेम झपाट्यानं सुरू व्हायला लागले. शेवटी २०२५ मध्ये एएमडीनं आपला एएमडीव्हीएलके थांबवला आणि रॅडव्हीलाच बळ द्यायचं ठरवलं. बाहेरच्यांनी उभं केलेलं काम कंपनीनं आपलं मानलं.

इंटेलबद्दल थोडक्यात. त्यांचा ड्रायव्हर पूर्ण कर्नलमध्ये आणि मेसामध्येच घडतो. नवी चिप बाजारात यायच्या आधीच तिचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, येऊ लागतात. ‘एक्सई’ हा नवा कर्नल ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.८ सोबत आला. बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स असतंच, म्हणजे खर्च शून्य. फक्त कंपनीची माणसं बहुतेक कामं आधीच हातात घेऊन बसलेली असतात, त्यामुळे नवख्याला मोकळा कोपरा सापडायला वेळ लागतो, असं माझं मत.

एनव्हिडियाकडे दोन वाटा आहेत आणि पोरं नेमकी चुकीची धरतात. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीनं ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला. चांगलंच झालं. पण वल्कन, ओपनजीएल, कुडा हा वरचा, प्रोग्राम ज्याच्यामार्फत कार्ड वापरतात तो सगळा भाग बंदच आहे, आणि तो खुला कोड लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येही नाही. प्रत्येक आवृत्तीला त्याची प्रत बाहेर ठेवली जाते. पॅच द्यायचा तर करारावर सही करायची, मग तो कंपनीच्या आतल्या कोडमध्ये जाणार आणि पुढच्या आवृत्तीत परत दिसणार. मधली चर्चा तुमच्या कानावर येत नाही.

दुसरी वाट कंपनीबाहेरच्या लोकांची. ‘नूव्हो’वाल्यांनी कार्डाचं वागणं निरखून-निरखून ड्रायव्हर लिहिला आणि २०१० मध्ये तो २.६.३३ सोबत कर्नलमध्ये आला. पुढे ९०० मालिकेच्या कार्डांपासून कंपनीनं सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) सक्तीचं झालं आणि कार्डाचा वेग वाढवायची किल्लीच हातातून गेली. ट्युरिंगपासून कार्डावरच्या जीएसपी प्रोसेसरचं फर्मवेअर वापरता यायला लागलं, तेव्हा कोंडी फुटली. २०२३ मध्ये मेसात ‘एनव्हीके’ हा वल्कन ड्रायव्हर आला, आणि आता रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत ‘नोव्हा’ हा नवा कर्नल ड्रायव्हर लिहिला जातोय. त्याचा पहिला सांगाडा २०२५ मध्ये ६.१५ मध्ये दाखल झाला. रस्ट येत असेल तर करण्यासारखं सर्वाधिक काम आज इथेच पडलंय. (फर्मवेअर मात्र तिघांचंही बंदच, त्या बाबतीत कुणाला डावं-उजवं करता येत नाही.)

प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगतो. माझा पहिला कर्नल पॅच तीन ओळींचा होता. झोपवलेला संगणक उठवला की स्क्रीन काळीच राहायची, त्यावरचा. उत्तर आलं: बदल ठीक आहे, पण हा दोष कुठल्या कमिटनं, म्हणजे कोडमध्ये नोंदलेल्या कुठल्या बदलानं, आणला ते ‘फिक्सेस’ म्हणून लिहा. दोन आवृत्त्यांमध्ये जवळपास चौदा हजार बदल. अर्ध्यावर जायचं, कंपाइल करायचं, मशीन झोपवून उठवायचं, बरं की वाईट ते नोंदवायचं आणि उरलेल्याचं पुन्हा अर्धं. असे चौदा टप्पे. मे महिना, पारा ४३ वर, दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. जुन्या मशीनवर एका कंपाइलला दीड तास. सगळं रात्री केलं, चार रात्री लागल्या. चौथ्या पहाटे तो एक कमिट सापडला तेव्हा बायकोला उठवून सांगितलं. पॅच लागला त्यापेक्षाही त्या चार रात्रींत ड्रायव्हर जास्त कळला.

तर दोघांना काय सांगितलं? ज्याच्याकडे डेस्कटॉप आहे त्याला म्हटलं, एएमडीचं जुनं आरएक्स ५८० शोध. रॅडव्ही त्यावर चालतो. मात्र हे कार्ड १८५ वॅट खातं, तेव्हा पॉवर सप्लाय ५०० वॅटचा आहे ना ते आधी बघ आणि यूपीएसशिवाय सुरू करू नकोस. विणकराच्या पोराला म्हटलं, बाळा, तू आत्ता काहीच विकत घेऊ नकोस. मेसात ‘लाव्हापाइप’ आहे, वल्कन निव्वळ सीपीयूवर चालवतो. त्याच्या वरचा ‘निर’ हा शेडरचा भाग रॅडव्ही, एनव्हीके आणि इंटेल, सगळेच वापरतात. तिथे हात बसला की कुठल्याही कंपनीच्या कामात शिरता येतं.

परवा रात्री त्याचा फोन आला. मेसन-निन्जा या कोड बांधायच्या साधनांनी मेसा बांधून झालंय, फिरणारा ठोकळा सेकंदाला मोजक्याच फ्रेमनं का होईना पण फिरतोय, आणि एका चाचणीचा दोष त्यानं शोधून ठेवलाय. कमिटचा मजकूर कसा लिहायचा ते विचारत होता.