ज्येष्ठांचं मदत केंद्र: माणसं चांगली, पण आमच्या काकू परत गेल्या नाहीत (५ पैकी अडीच स्टार)

नाव नाही घेत, सेंट्रल लाईनवरची एक संस्था आहे, घरात त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फुकट सल्ला देतात. भांडुपला आमच्या शेजारी काकू राहतात, ७४ वर्षांच्या, त्यांना मीच घेऊन गेले. मुलाने पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड काढून घेतलंय, वरून शिव्या, एकदा हात पण उगारला.

पहिला दिवस खरंच छान गेला. पाणी, चहा, ताईंनी दीड तास ऐकून घेतलं. कायदा पण नीट समजावला, म्हणजे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, पोटगी महिना १०,००० पर्यंत मिळू शकते, आणि सांभाळायच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं असेल आणि तो सांभाळत नसेल तर कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं. हे मला पण माहीत नव्हतं.

पण काकूंना हे सगळं हवंच कुठे होतं? त्यांचं एकच, "मला त्याच्यावर केस नाही गं करायची, पासबुक तेवढं परत द्यायला सांगा." रात्री बीपीची गोळी तोच देतो, डॉक्टरकडे तोच नेतो, उद्या त्यालाच नोटीस गेली तर ह्यांनी जायचं कुठे. ताई मात्र अर्जावरच अडून.

दुसऱ्या वेळी ताई बदलल्या, परत पहिल्यापासून सगळं सांगा, हात उगारल्याचं पण. काकू अर्ध्यातच गप्प झाल्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे धरून चढायचं (ज्येष्ठांसाठी काम करता ना तुम्ही!). आणि कळस म्हणजे फॉलोअपचा फोन. काकूंचा मोबाईल घरात कोणीही उचलतं हे आम्ही फॉर्म भरताना सांगितलं होतं, तरी त्याच नंबरवर फोन आणि सुनेला चक्क संस्थेचं नाव सांगितलं! त्या रात्री काय झालं ते काकूंनी मला अजून धड सांगितलेलं नाही. नंतर दोनदा त्यांनी फोन उचलला नाही तर म्हणे फाईल बंद, "क्लायंटला इंटरेस्ट नाही."

इंटरेस्ट नाही म्हणे.

अडीच स्टार त्या पहिल्या ताईंचे. जाणार असाल तर नंबर शेजाऱ्यांचा द्या, घरी फोन करू नका हे फॉर्मवर लिहूनच द्या, आणि सकाळी ११ च्या आत पोचा, नंतर बसायला खुर्ची मिळत नाही.