थायरॉईडची गोळी: उठल्यावर की झोपताना?

गोळी लिहून देताना डॉक्टर बहुधा एवढंच सांगतात, "सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी." डॉक्टर बेळगावचे असोत, मिरजेचे की कोल्हापूरचे, चिठ्ठीवर हेच लिहिलेलं असतं. हीच गोळी रात्री झोपतानाही घेता येते, हे फार कमी बायकांना माहीत असतं. गोळी नुकतीच सुरू झाली असेल, किंवा वर्षानुवर्षं घेऊनही टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) एका जागी राहत नसेल, तर दोन्ही वेळांचा विचार जरूर करावा. मी आधी सकाळी घेत होते, आता रात्री घेते.

हे सगळं थायरॉईड कमी पडणाऱ्यांसाठी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांसाठी आहे. छातीत धडधड, हात थरथरणं, खाऊनपिऊन वजन उतरणं, उकाडा सहन न होणं, हा दुसरा प्रकार, थायरॉईड जास्त होण्याचा. त्याची औषधं वेगळी, तो विषय इथे नाही.

ज्यांनी अजून तपासणीच केलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे थायरॉईड कमी पडण्याचा आजार हवेच्या आड लपतो. जुलैत बेळगावात सगळेच स्वेटर घालून बसलेले असतात, मग एकटीलाच जास्त थंडी वाजते आहे हे कुणाच्या ध्यानात येणार? पाळीत अंगावर जास्त जाणं, पोट साफ न होणं, आवाज घोगरा होणं, चेहरा सुजल्यासारखा दिसणं, या प्रत्येकाला घरात वेगळं कारण सापडतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर "असं होतंच" म्हणून सगळं सोडून दिलं जातं, आणि नेमक्या त्याच वर्षात थायरॉईड बिघडण्याची शक्यता जास्त असते. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, किंवा गळ्यावर सूज वाटली, तर टीएसएच करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे.

आता वेळेचं. ही गोळी शरीरात फार सावकाश खर्च होते. आज घेतलेल्या औषधातलं निम्मं सुमारे आठवड्यानंतरही अंगात असतं. त्यामुळे घड्याळात सहा वाजले की अकरा, याला तितकं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते पोट रिकामं असण्याला. चहा, कॉफी, दूध, सोयाबीन, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं पातळ औषध, यांपैकी काहीही जवळपास घेतलं की गोळी पुरती शोषली जात नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शनात दोन्ही वाटा दिल्या आहेत: नाश्त्याच्या ६० मिनिटं आधी, नाहीतर रात्रीच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी, झोपताना.

सकाळच्या वेळेची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. रात्रभराचं पोट रिकामं असतं, हिशेब करावा लागत नाही. उठलं की गोळी, ही सवय लवकर लागते आणि विसरायला होत नाही. खानापूरहून सकाळच्या गाडीनं बेळगावात कामाला येणाऱ्या बायका उठल्यावर गोळी घेऊन बाहेर पडतात आणि डबा कामावर पोचल्यावर उघडतात. घरातून चहा न घेता निघायची सवय असेल, तर एक तास आपोआप पाळला जातो. त्यांनी वेळ बदलायचं काही कारण मला दिसत नाही.

माझी अडचण चहाची होती. म्हणजे माझ्या चहाची नव्हे, सासूबाईंच्या. आमच्या घरी सकाळचा पहिला चहा त्या आणि मी मिळून घेतो. लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही रीत. मी गोळी घेऊन तासभर थांबायचे, तर त्याही थांबायच्या. कितीदा म्हटलं, तुम्ही घ्या, माझा नंतर होईल. "तुझं होऊ दे की, घाई काय हाय?" हे एकच उत्तर. त्यांना साखरेचा आजार आहे. त्यांचा चहा लांबला की नाश्ता लांबायचा, नाश्ता लांबला की साखरेची गोळी लांबायची, आणि एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांना घाम फुटून गरगरायला लागायचं. पाणी यायचा दिवस असला की सगळंच आणखी पुढे जायचं. माझ्या एका गोळीपायी दुसऱ्या माणसाचं औषध रोज मागे सरकत होतं आणि ते मला बघवत नव्हतं.

त्यातच अंगावर जास्त जात असल्यामुळे मला लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, शिवाय कॅल्शियम. या दोन्ही थायरॉईडच्या गोळीपासून किमान ४ तास दूर ठेवायच्या. सकाळची वेळ थायरॉईडला दिली की लोह दुपारवर आणि कॅल्शियम रात्रीवर जातं, आणि दुपारची गोळी कामाच्या गडबडीत राहून जाते. आता लोह सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, आणि रात्र फक्त थायरॉईडची. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. सासूबाईंचा आणि माझा चहा पुन्हा पहाटे एकत्र होतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

रात्रीच्या वेळेचे तोटेही आहेत, ते आधी माहीत असलेले बरे. जेवण लवकर व्हायला हवं. आठला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात हे सहज जमतं. मालिका बघत दहाला जेवणाऱ्या घरात जमणार नाही. झोपताना हळदीचं दूध घ्यायची सवय असेल तर ती सोडावी लागते. रात्री उशिरा पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर चार घास खाल्ले, की वेळ पुढे गेली. आणि संकष्टी! चंद्रोदय नऊ-दहाला, मग आरती, मग जेवण. त्यानंतर ३ तास जागत कोण बसेल? संकष्टीच्या रात्री मी गोळी घेत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर घेते आणि रात्रीपासून पुन्हा नेहमीसारखं. हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. गोळीचा असर हळूहळू उतरतो म्हणून एवढी मागेपुढे चालते.

अभ्यास काय सांगतात? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात त्याच रुग्णांना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी दिली. झोपताना घेतल्यावर टीएसएच जास्त खाली आलं. पण रुग्णांना स्वतःला बरं वाटण्यात मोठा फरक पडला नाही. नंतरच्या काही चाचण्यांत दोन्ही वेळा जवळपास सारख्याच निघाल्या. म्हणून रात्रीची वेळ औषध म्हणून श्रेष्ठ आहे असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला रात्र मानवली. रिपोर्ट एका जागी स्थिरावले, दुपारची सुस्ती कमी झाली. त्यातलं किती वेळेमुळे आणि किती लोह नीट पोटात गेल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर असं आहे: घरात पहाटे सगळ्यांचं करायला तुम्हीच उठत असाल, लोह-कॅल्शियमही चालू असेल आणि जेवण आठ-साडेआठपर्यंत आटोपत असेल, तर रात्रीचा पर्याय डॉक्टरांपुढे मांडून बघा. रक्त द्यायलाही सोपं पडतं. सकाळी घेणाऱ्यांनी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यायची असते, त्यामुळे ती पर्समध्ये टाकून न्यावी लागते. बाटली स्वयंपाकघराबाहेर, कपाटात राहते, हाही एक फायदा. आपल्या पावसाळ्यात गॅसजवळच्या फळीवर वाफ आणि ओल दोन्ही लागते.

दिवस राहिले असतील तर मात्र वेळेच्या चर्चेत पडू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गरोदरपणात गोळीची गरज वाढते आणि पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी, आणि रोज गॅसची गोळी घेणाऱ्यांनीही आधी विचारावं. आम्ल कमी करणाऱ्या त्या गोळ्यांचा असर दिवसभर राहतो, वेळ बदलून तो टळत नाही.

वेळ बदलली की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी केलेला रिपोर्ट फसवा निघू शकतो. प्रयोगशाळा तीच ठेवा. सीमाभागात मिरजेला दाखवायचं आणि बेळगावात रक्त द्यायचं हे नेहमीचंच. पण दरवेळी वेगळी प्रयोगशाळा असली की आकडे एकमेकांशी ताडून बघणं अवघड होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या किमान २ दिवस आधी थांबवा. बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं, आणि त्या आकड्यावरून डोस कमी केला जाऊ शकतो.