‘जुना बॉक्स बंद होणार’ असं सांगणारा फोन

फोन बहुतेक वेळा दुपारी येतो, घरात वडीलधारी माणसं एकटी असताना. “काका, तुमचा सेट-टॉप बॉक्स एमपेग-टूचा आहे, ट्रायने तो बंद केलाय. पाच तारखेपासून चित्र दिसणार नाही. आज बुकिंग केलंत तर एचडी बॉक्स फुकट, फक्त वर्षाचा रिचार्ज करायचा.” (ट्राय म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख करणारी नियामक संस्था, एमपेग-टू म्हणजे चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत.) बोलणाऱ्याला तुमचं नाव माहीत असतं, कार्डाचा नंबर माहीत असतो, पॅक कुठल्या तारखेला संपतोय तेही माहीत असतं. एवढी माहिती कंपनीशिवाय कोणाकडे असणार, असं वाटून माणूस विश्वास ठेवतो. पण रिचार्ज मारणाऱ्या दुकानात, डीलरकडे, काम सोडून गेलेल्या फिटरच्या मोबाईलमध्येही हीच माहिती पडून असते. नाव आणि कार्ड नंबर सांगता येणं हा ओळखीचा पुरावा नव्हे.

ही फसवणूक चालते, कारण तिच्यात अर्धं खरं असतं. आपल्याकडे २००३ मध्ये डिश टीव्हीने आणि २००६ मध्ये टाटा स्कायने डीटीएच, म्हणजे उपग्रहातून थेट घरी चॅनल देणारी सेवा सुरू केली ती एमपेग-२ वर. पुढे आलेल्या कंपन्यांनी एमपेग-४ ही नवी पद्धत घेतली. तेच चॅनल एमपेग-४ मध्ये साधारण निम्म्या जागेत मावतं, त्यामुळे जुन्या ग्राहकांचे बॉक्स टप्प्याटप्प्याने बदलावेच लागले. कधी कंपनी उपग्रह बदलते आणि छत्री फिरवावी लागते, कधी सुरक्षेसाठी कार्ड बदलतात. म्हणजे ‘जुना बॉक्स चालणार नाही’ हे वाक्य दरवेळी खोटं नसतं. पण खरी बदली असते तेव्हा तसा संदेश तुमच्या टीव्हीच्या पडद्यावर येतो, कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या खात्यात दिसतो आणि विनंती केली की तक्रार क्रमांक मिळतो. ट्राय तर कुठल्याच ग्राहकाला फोन करून बॉक्स बदलायला सांगत नाही. आजच्या आज पैसे भरा, असा धोशा लावला की फोन ठेवून द्यावा आणि बॉक्सवर किंवा ॲपमध्ये छापलेल्या ग्राहकसेवा क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. गुगलवर नंबर शोधू नये. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार मात्र फोनवर नाही, घरात घडतो. माणूस येतो, नवा बॉक्स लावतो, चित्र झकास दिसतं, जुना बॉक्स ‘एक्स्चेंज’ म्हणून पिशवीत टाकतो आणि जातो. पावती नसते, किंवा असते ती साध्या कागदावर. प्रत्यक्षात त्याने बदली केलेलीच नसते, नवी जोडणी विकलेली असते. नव्या जोडणीवर विक्रेत्याला कमिशन मिळतं, बदलीवर त्या मानाने फार थोडं. त्यामुळे नवा ग्राहक क्रमांक तयार होतो आणि नोंदणीचा मोबाईल नंबर बऱ्याचदा त्या विक्रेत्याचाच असतो. तुमच्या जुन्या खात्यातले पैसे तिथेच अडकून राहतात. दुसऱ्या खोलीतला टीव्ही त्याच खात्यावर मल्टी-टीव्ही म्हणून जोडलेला असेल, तर मुख्य पॅक संपल्यावर तोही काळा पडतो. ग्राहकसेवेला फोन केला की उत्तर मिळतं, हा नंबर नोंदणीकृत नाही. पॅक संपल्याचे एसएमएस परक्याच्या फोनवर जात राहतात, आणि ओटीपीही तिकडेच.

हे पकडायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पैसे देण्याआधी द्यायची. जुना बॉक्स चालू असतानाच मेनूमधल्या सिस्टीम माहितीच्या पानाचा फोटो काढा. त्यावर कार्ड क्रमांक आणि बॉक्सचा क्रमांक असतो. नवा बॉक्स लागल्यावर तेच पान पुन्हा उघडा. बॉक्स बदलला तर त्याचा आणि कार्डाचा क्रमांक बदलणं साहजिक आहे, ग्राहक क्रमांक मात्र जुनाच राहायला हवा. मग स्वतःच्या मोबाईल नंबरवरून ॲपमध्ये लॉगिन करा. नवा बॉक्स तुमच्या जुन्या खात्याखाली दिसतोय का, शिल्लक रक्कम तीच आहे का, बघा. दिसत नसेल तर पैसे देऊ नका आणि जुना बॉक्स घराबाहेर जाऊ देऊ नका. बॉक्स तुमच्या मालकीचा आहे की भाड्याचा, हे जोडणीच्या मूळ कागदावर असतं. भाड्याचा असेल तर कंपनी तो उद्या तुमच्याकडेच मागेल, आणि तो कुठल्यातरी अनोळखी माणसाने नेलेला असेल.

दुसरी लूट गच्चीवर होते. फिटर एकटा वर जातो, खाली येऊन म्हणतो, एलएनबी (छत्रीसमोर बसवलेलं, सिग्नल पकडणारं डबडं) गेली. कधी ती खरंच गेलेली असते, पण पुष्कळदा नुसता कनेक्टर गंजलेला असतो, कधी तर त्यानेच सैल केलेला असतो. म्हणून तो वर चढण्याआधी सिग्नलचं पान उघडून ठेवा. तिथे दोन आडव्या पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य, तर छत्री हलली आहे किंवा एलएनबी आपल्या पकडीत फिरली आहे. वाऱ्यापावसानंतर हे हमखास होतं. दोन्ही शून्य, तर केबल, कनेक्टर किंवा एलएनबी. अर्धी चॅनलं दिसतात आणि अर्धी जातात, हा प्रकार सगळ्यात फसवा. बॉक्स एलएनबीला उभ्या ध्रुवणासाठी (लहरींच्या उभ्या दिशेसाठी) १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट देतो. जुना ॲडॅप्टर दमला की १८ व्होल्ट पुरे पडत नाहीत आणि आडव्या बाजूची चॅनलं एकदम गायब होतात. इथे हजारो रुपयांच्या बॉक्सचा काहीच दोष नसतो.

ॲडॅप्टर बदलताना जुन्यावर छापलेले व्होल्ट नवीनवर अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. बहुतेक बॉक्सना १२ व्होल्ट लागतात. पिनच्या आत धन की ऋण हे दाखवणारी छोटी आकृती दोन्हीवर सारखी आहे ना, ते आधी बघावं. उलटी पिन लागली तर बॉक्स खरोखरच जळतो. बॉक्स आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होणं किंवा नुसता लाल दिवा लुकलुकणं ही पण बहुधा ॲडॅप्टरचीच तक्रार. ज्या बॉक्समध्ये ॲडॅप्टर नसून विजेची वायर सरळ आत जाते, त्यात अशा वेळी बहुधा फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) सापडतो. तो इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावा, स्वतः उघडू नये.

कनेक्टर मात्र कोणालाही करता येतो. आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण केबलमध्ये व्होल्टेज असतं आणि मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा एलएनबी-पुरवठा बसतो. केबलची टोकं कापून आतली तांब्याची तार काळी पडली आहे का बघा. काळी असेल तर लख्ख दिसेपर्यंत मागे कापत जा. कोकणात, खाऱ्या हवेत, हे दोन-तीन इंच आत गेलेलं असतं. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहावी आणि जाळीचा एकही धागा तिला लागू नये. एलएनबीखाली केबलला एक वळसा खाली लोंबता ठेवा, म्हणजे पाणी वळशावरून गळतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

रिचार्ज करूनही चॅनल दिसत नसेल तर त्यासाठीही कोणाला पैसे देऊ नका. परवानगीचा संदेश उपग्रहातूनच येतो आणि बॉक्स बरेच दिवस बंद असेल तर तो चुकतो. बॉक्स एखाद्या चॅनलवर अर्धा तास चालू ठेवा आणि ॲपमधून किंवा नोंदणीकृत नंबरवरून रिफ्रेश मारा. हे काम फुकट होतं. फोनवर ‘सॉफ्टवेअर अपडेट’ म्हणून दोन-तीनशे रुपये घेणारे हेच करून देतात.

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा, घेणाऱ्या घरांना एप्रिलमध्ये विशेष जपावं लागतं. खासगी चॅनलांच्या जागांचा लिलाव होतो आणि त्या १ एप्रिलपासून वर्षभरासाठी दिल्या जातात. त्यामुळे एप्रिल उजाडला की काही चॅनलं जातात, काही जागा बदलतात आणि गावात ‘फ्री डिशचा रिचार्ज’ विकणारे फिरू लागतात. फ्री डिशला मासिक शुल्क नाही, रिचार्ज नाही, वार्षिक परवाना नाही. मेनूमधून इन्स्टॉलेशनमध्ये जा (पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्समध्ये ०००० असतो), उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व, एलएनबी ९७५०/१०६००, २२ किलोहर्ट्झ ऑटो ठेवा आणि स्कॅन चालवा. जी चॅनलं एमपेग-४ मध्ये आहेत ती एमपेग-२च्या बॉक्सवर स्कॅन करूनही येणार नाहीत. तीच हवी असतील तर बॉक्स बदलावा, नाहीतर आहे तो चालू द्यावा.

एचडीच्या आग्रहाबद्दल एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल लावली असेल तर एचडी बॉक्सनेही चित्र साधंच दिसतं. एचडीएमआय असलेला टीव्ही हवा. शिवाय बॉक्ससोबत पॅकही गुपचूप एचडीचा केला जातो. २०१९च्या नियमांत महिन्याच्या नेटवर्क शुल्काच्या हिशोबात एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांएवढं धरलं होतं, आणि एचडी चॅनलाचा वेगळा दरही असतो. मराठी मालिका आणि बातम्या बघणाऱ्या घराला साध्या पॅकमध्ये काहीच उणं पडत नाही. बॉक्स एचडी घेतला तरी पॅक साधा ठेवता येतो, हे विचारून घ्या. नव्या टीव्हीला जुन्या पिना लावायची सोयच नसेल, तर बॉक्स बदलायला ते मात्र खरं कारण आहे.

पैसे घ्यायच्या पद्धतीवरूनही माणूस ओळखता येतो. ओटीपी मागितला तर तो पॅक बदलण्याचा, नोंदणीचा नंबर बदलण्याचा किंवा बँकेचा असतो. एसएमएसमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं पूर्ण वाचावं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये बाहेरून ॲप टाकणारी) उघडू नये, आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप टाकू नये. ‘परतावा मिळेल’ म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावला तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. पैसे मिळवायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. नव्या जोडणीच्या नावाने फसवलं असेल तर आधी कंपनीकडे तक्रार क्रमांक घ्या, मग कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (न सुटलेल्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) लेखी कळवा, आणि तरी हलले नाहीत तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पत्रात जुना ग्राहक क्रमांक, जुन्या आणि नव्या बॉक्सचे क्रमांक, पैसे दिल्याची तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक लिहा, जुन्या बॉक्सच्या माहितीच्या पानाचा फोटो जोडा आणि जुन्या खात्यातली शिल्लक किती होती ते आकड्यात नमूद करा.