स्विच दहा महिने वापरला, आणि त्या अर्ध्या कॅसेटबद्दल

मागच्या जूनमध्ये सेकंडहँड निनटेंडो स्विच घेतला, हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, सतरा हजाराला. आपल्याकडे अधिकृत विक्री नाही, सगळा बाहेरून आलेला माल, त्यामुळे वॉरंटीची आशा सोडूनच घेतला होता. मशीनबद्दल काडीची तक्रार नाही, स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. मला बोलायचंय ते कॅसेटबद्दल, म्हणजे गेम ज्यावर विकत मिळतो ते छोटं कार्ड. कार्ट्रिज म्हणा हवं तर, आमच्या घरी आईपासून सगळे कॅसेटच म्हणतात.

नखाएवढी वस्तू. भाचीने एकदा तोंडात घातली आणि थू थू करत पळत आली, पोरांनी गिळू नये म्हणून मुद्दाम कडू लेप लावलेला असतो तिला. इतका विचार करणारे लोक आहेत हे बघून खरंच बरं वाटलं होतं.

मग दिवाळीत एका दुकानातून साडेतीन हजाराचा सीलबंद गेम आणला. कॅसेट टाकली तर मेसेज, आधी उरलेला डेटा डाऊनलोड करा. डब्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे. मशीनची जागा 32 जीबी, त्यातली काही सिस्टिमनेच खाल्लेली, म्हणून मेमरी कार्डाचा खर्च वेगळा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री गेल्या. दुकानदार म्हणाला सील फुटलं, परत घेणार नाही. भांडलो, काही झालं नाही.

तेव्हा पब्लिशरला, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला, जाम शिव्या घातल्या. कॅसेट जितक्या जास्त जीबीची तितकी महाग, डिस्क त्यामानाने खूप स्वस्त पडते, म्हणून हे लोक छोटी कॅसेट घेतात आणि राहिलेला गेम आपल्या डेटा पॅकवर ढकलतात. हे दुखणं जुनंच आहे. फायनल फँटसी या गेम मालिकेचे पहिले सहा मुख्य भाग, 1987 ते 1994, आधी निनटेंडोच्याच मशीनवर आले. पण त्यांचा पुढचा कन्सोल, निनटेंडो 64, कॅसेटवरच अडून राहिला, मोठ्यातली मोठी कॅसेट 64 एमबीची, आणि तिकडे सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्या एका सीडीत साधारण 650 एमबी. सातवा भाग 1997 ला प्लेस्टेशनवर गेला, तीन सीडी लागल्या त्याला, इतके व्हिडिओ सीन! पाठोपाठ ड्रॅगन क्वेस्ट या दुसऱ्या मालिकेचा सातवा भागही 2000 साली तिकडेच. वर्षानुवर्षांचं नातं, पण माल भरायला पोतं लहान पडलं की पब्लिशर दुसरं दार गाठतो.

जानेवारीत मात्र मित्राकडून विचर 3 आणला आणि माझं मत हललं. अख्खा गेम, दोन्ही एक्सपान्शनसकट (नंतर आलेले जोड-भाग), 32 जीबीच्या एका कॅसेटवर. चित्र धूसर आहे, गर्दीच्या शहरात अडखळतं, पण टाकली की सुरू. कॅपकॉम कंपनीचा रेसिडेंट इव्हिल 2 हा गेमसुद्धा, मूळ दोन सीडींचा, 1999 ला निनटेंडो 64 च्या 64 एमबीच्या कॅसेटमध्ये बसवला होता. म्हणजे मनात असेल तर होतं.

आणि गेम कुठल्या मशीनवर येणार हे सगळं कॅसेटच ठरवते असंही नाही, हे मला कॅपकॉमचाच मॉन्स्टर हंटर राइज खेळताना पटलं. कोल्हापूरला जाताना ट्रेनमध्ये मावसभाऊ समोरच्या बर्थवर त्याचा स्विच घेऊन, नेट नाही, तरी दोघं मिळून मिरजेपर्यंत शिकार करत होतो. ही मालिका जपानात वाढलीच अशी, पीएसपी, मग 3डीएस अशा हातात धरायच्या कन्सोलवर, चार पोरं एकत्र बसून. म्हणून 2021 ला राइज आधी स्विचवर आला, पीसीवर 2022 ला आणि बाकी कन्सोलवर थेट 2023 ला. उलट याच मालिकेतले 2018 चा वर्ल्ड आणि 2025 चा वाइल्ड्स स्विचवर आलेच नाहीत, तेवढा मोठा पसारा या मशीनला पेलणारा नव्हता. एकाच कंपनीची एकच मालिका, पण प्रत्येक भाग कुठे काढायचा हे वेगळं ठरतं, तेव्हा कन्सोल घेण्याआधी आपल्या आवडीच्या मालिकेचे मागचे दोन-तीन भाग कुठे आले ते बघा.

दिवाळीतला तो गेम विकायला काढलाय, अठराशेला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत ठळक लिहिलंय, गेम अर्धाच कॅसेटवर आहे, उरलेला डाऊनलोड करावा लागेल.