क्रीडाशिक्षकांची ठाण्यातील कार्यशाळा : चिठ्ठ्यांचा तास उत्तम, शाळेत परतल्यावरचे काय?

शारीरिक शिक्षण शिक्षकाची घडण कशी होते आणि तीत वंश-जातीविषयीच्या समजुती कुठून शिरतात, या विषयावर नौपाड्यात भरलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी गेलो होतो. असे विषय बहुधा भाषणांतच उरकले जातात. इथे मात्र सुरुवातीलाच हातात चिठ्ठ्या पडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त मुलाचे आडनाव आणि गाव, आणि तेवढ्यावरून शालेय स्पर्धेची यादी भरायची. ‘वाघ, मुरबाड’ ही चिठ्ठी जवळजवळ सगळ्या गटांनी तीन हजार मीटरला लावली. बुद्धिबळाकडे कोणती आडनावे गेली, हे सांगायला नकोच. मग कामगिरीचा तक्ता दाखवला, तर हा वाघ गोळाफेकीतला निघाला. ‘आदिवासी पोरं काटक असतात, कौतुकच करतोय की,’ असे एक ज्येष्ठ सर म्हणाले. त्यावर मार्गदर्शकांनी १९८७ चे उदाहरण काढले : पूर्वज आफ्रिकेतले म्हणून सिद्दी मुले मैदानी खेळांत उपजतच सरस असणार, या अपेक्षेने भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्यांच्यासाठी खास योजना आखली होती, आणि ती काही वर्षांतच गुंडाळली गेली. कृष्णवर्णीय खेळाडूचे यश उपजत आणि गोऱ्याचे मात्र मेहनतीचे व डोक्याचे, ही अमेरिकेतली जुनी सवय त्यानंतर वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

अमेरिकी अभ्यासक हॅल लॉसन यांनी १९८३ मध्ये मांडलेली, शिक्षकाच्या घडणीच्या तीन टप्प्यांची चौकट हा कार्यशाळेचा कणा होता : शाळकरी वयात पाहिलेले पी.टी.चे सर, नंतर पदवीचे प्रशिक्षण, आणि शेवटी नोकरीची शाळा. पहिल्या टप्प्यातली मते बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) वर्गात फारशी हलत नाहीत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला स्वतःवरून पटले असावे.

तक्रार तिसऱ्या टप्प्याची आहे, कारण त्याला शेवटच्या दिवशी जेमतेम अर्धा तास मिळाला. महापालिका स्तरावरील स्पर्धांचे अर्ज उद्यापर्यंत द्यायचे आहेत, मैदान नाही, मुख्याध्यापकांना पदक हवे आहे आणि सहकारी म्हणतात ‘दरवर्षीचीच नावे टाका’. अशा वेळी नव्या शिक्षकाने निवडचाचणीचा आग्रह कसा धरावा, यावर एकही सराव झाला नाही. चित्रफिती इंग्रजीत होत्या, तेही खटकले. जेवण ठीक.

शाळेने पाठवायचे ठरवल्यास एकट्या क्रीडाशिक्षकाला न पाठवता सोबत पर्यवेक्षकांनाही पाठवावे, आणि चिठ्ठ्यांच्या तासाला दोघांनी वेगवेगळ्या गटांत बसावे.