पत्रकासाठी फॉन्ट : दोघांची जोडी की एकच फॅमिली?

पत्रकाचा मजकूर हातात आला आणि फॉन्ट ठरवायची वेळ आली की माणसापुढे साधारणपणे दोन रस्ते उरतात. शीर्षकाला एक सजावटीचा फॉन्ट घ्यायचा आणि बाकी मजकुराला साधा, वाचनीय असा दुसरा जोडायचा, हा एक. आणि एकाच फॅमिलीतल्या, म्हणजे एकाच वळणाच्या पण वेगवेगळ्या जाडीच्या फॉन्टांच्या संचातल्या, कमीजास्त जाडीवर सगळे पत्रक उभे करायचे, हा दुसरा. कोथरूडमधल्या लहान व्यावसायिकांची पत्रके करताना मी पहिली काही वर्षे जोडीच वापरली आणि गेली चार वर्षे बहुतेक वेळा एका फॅमिलीवर काम भागवतो. प्रेसच्या संगणकावरच्या जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीच्या लिपी-फॉन्टांचा तिसरा रस्ताही आहे. पण त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवर तपासायला पाठवता येत नाही आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे वापरता येत नाही, म्हणून तो मी येथे बाजूला ठेवतो.

जोडीचे आकर्षण खरे आहे आणि ते मी नाकारणार नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ किंवा गुबगुबीत अंगाचा ‘मोदक’ शीर्षकात आला की दोन शब्दांतच पत्रकाचा स्वभाव कळतो. गणेशोत्सवातला कार्यक्रम, हस्तकलेचे प्रदर्शन, मुलांचे उन्हाळी शिबिर अशा कामांत वाचणाऱ्याला आधी वातावरण दिसावे लागते, आणि ते केवळ जाड अक्षराने साधत नाही.

देवनागरीत हा मोह जास्तच होतो, त्याला कारण आहे. इंग्रजी मजकुरात एकाच फॉन्टमध्ये मोठी लिपी, तिरपी अक्षरे आणि ठळक अक्षरे अशी तीन हत्यारे आयती मिळतात. आपल्याकडे मोठी लिपी नाही आणि देवनागरी अक्षर तिरपे केले की ते बहुधा कलल्यासारखे दिसते, म्हणून वेगळेपणा दाखवण्यासाठी जाडी आणि आकार एवढेच हाती राहते. ते अपुरे वाटले की माणूस फॉन्टांच्या यादीकडे वळतो आणि पत्ता एकात, सवलत दुसऱ्यात, ‘त्वरा करा’ तिसऱ्यात असे पत्रक तयार होते.

शिवाय इंग्रजी अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. संगणक मात्र दोन फॉन्ट एका ओळीत आले की खालची रेषाच जुळवतो, आणि प्रत्येक फॉन्टची शिरोरेषा वेगळ्या उंचीवर असल्यामुळे ओळीच्या मधोमध पायरी पडते. ‘फक्त रविवारपर्यंत’ यातले ‘रविवार’ दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकून पाहिले, तर ती पायरी लगेच दिसते. जोडीच वापरायची झाल्यास दोन्ही फॉन्ट एका ओळीत येऊ देऊ नयेत, हा माझ्या मते पाळण्याजोगा नियम आहे.

एवढ्यावरून मी जोडी सोडली नसती. ती सोडायला लावली एका शब्दाने. दिवाळीच्या फराळाचे पत्रक होते, ए-फाइव्ह आकाराचे, पाच हजार प्रतींचे. शीर्षकाला मी एक गोंडस सजावटीचा फॉन्ट घेतला होता आणि ‘घरगुती दिवाळी फराळ’ हे शब्द त्यात फार छान बसले होते. फोन नंबर बदलायचा असल्याने फाइल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे न बदलणाऱ्या आकृतींत रूपांतर न करता, उघडीच प्रेसकडे दिली होती. रात्री फराळवाल्या काकूंना वाटले की शीर्षक ‘अनुभवी आचाऱ्यांच्या हातचा फराळ’ असे हवे, आणि तो बदल प्रेसमधल्या ऑपरेटरला फोनवर कळवला गेला. त्या फॉन्टमध्ये मराठीची आडवी, कोयत्यासारखी अर्धी र केलेलीच नव्हती. त्यामुळे पडद्यावर र खाली नुक्ता म्हणजे टिंब, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे सबंध य, असे विचित्र रूप उमटले. ऑपरेटरला ती टायपिंगची चूक वाटली. त्याने साधा रफार देऊन ते रूप नीट करून टाकले, आणि अक्षर सुबक दिसू लागल्यावर पुढे शंका घेण्याचे त्याला कारण उरले नाही. प्रूफ मी मोबाइलवर पाहिले, आणि जे असायला हवे तेच डोळ्यांनी वाचले. सकाळी काकूंनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, पहिले पत्रक हातात घेऊन शीर्षकावर बोट ठेवले आणि ‘हे आचार्य कुठून आले हो?’ एवढेच विचारले. पुन्हा छपाई झाली, तिचा अर्धा खर्च मी दिला, आणि पत्रके वर्तमानपत्रांत घालायला एक रविवार उशीर झाला. फराळाच्या धंद्यात एका रविवारची किंमत काय असते ते दिवाळीच्या आधी ऑर्डरी घेणाऱ्यांनाच ठाऊक असते.

त्यानंतर मी जुनी कामे काढून पाहिली तेव्हा तोच दोष वेगळ्या रूपाने दिसत गेला. ‘ॲडव्हान्स बुकिंग’ आणि ‘ॲडमिशन सुरू’ या ओळींतला ॲ शेजारच्या अक्षरांपेक्षा बारीक होता, कारण फॉन्टमध्ये तो नव्हता आणि संगणकाने तो गुपचूप विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टमधून आणून बसवला होता. ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले, रुपयाचे चिन्ह २०१० साली. त्याआधी तयार झालेल्या किंवा केवळ हिंदीसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ती नसतील, तर त्यात नवल नाही. मात्र याचा अर्थ असा की आपण दोन फॉन्ट मोजून निवडतो आणि पत्रकावर तीन उमटतात. फॉन्टांची संख्या मर्यादित ठेवायची असेल, तर निवडलेला फॉन्ट मराठीला पुरा पडतो की नाही, हे संख्येच्या आधी पाहावे लागते.

एका फॅमिलीकडे मी वळलो ते यामुळे. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेली ‘मुक्ता’ ही फॅमिली मी सर्वांत जास्त वापरतो. तिच्यात सात जाडींचे फॉन्ट आहेत, इंग्रजी अक्षरे आणि आकडे त्याच हाताचे आहेत, आणि आतापर्यंत ॲ, ऱ्य किंवा ₹ यांपाशी माझे काम अडलेले नाही. सातही जाडी मात्र एका पत्रकावर वापरू नयेत. शीर्षकाला सर्वांत जाड, तारीख-वेळ-पत्त्याला मध्यम जाड आणि बाकी मजकुराला नेहमीची, अशा तीन पुरतात. सर्वांत बारीक जाडी पडद्यावर देखणी दिसते, पण ७० जीएसएमच्या मॅपलिथोवर, म्हणजे पत्रकांच्या साध्या पातळ कागदावर, विशेषतः गडद रंगावर पांढरी अक्षरे काढायची असतील तर, शाई पसरून ती बुजतात. सजावटीचे बरेच फॉन्ट एकाच जाडीचे असतात आणि त्यांवर ‘बोल्ड’चे बटण दाबले की संगणक फक्त कडा फुगवतो, मग ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या आतल्या पोकळ्या भरून जातात. खरी जाड आवृत्ती असलेल्या फॅमिलीत जाडी अक्षर घडवतानाच सांभाळलेली असते.

एका फॅमिलीच्या पत्रकात उणीव आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ते थोडे कोरडे दिसते. नीट मांडले नाही तर कार्यालयाच्या सूचनेसारखे वाटते. ग्राहक पहिल्या नजरेत ‘जरा साधंच झालं आहे’ असे म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे आकारातला फरक भीड न बाळगता मोठा ठेवणे : मजकूर ११ पॉइंटचा असेल तर शीर्षक १८ चे न करता ४४ चे करावे आणि त्याच्याभोवती कागद मोकळा सोडावा. शीर्षक दोन ओळींचे असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकणार नाहीत एवढे अंतर हवे. ज्यांना साधेपणा अजिबातच नको असेल, त्यांच्यासाठी ‘एक टाइप’चीच ‘बालू २’ ही मधली वाट आहे. तिचे शीर्षक गोलसर आणि खेळकर दिसते, आणि पाच जाडी असल्यामुळे तिच्यातच मजकूरही भागतो. लांब मजकुरात मात्र ती गोलाई डोळ्यांना थोडी भारी होते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून शीर्षक दोन-तीन शब्दांचे, आधीच कायम झालेले आणि न बदलणारे असेल, उदाहरणार्थ एखाद्या मंडळाचे किंवा प्रदर्शनाचे नाव, तर जोडी खुशाल घ्यावी. तेथे सजावटीचा फॉन्ट आपले काम चोख करतो. शेवटच्या रात्री मजकूर बदलण्याची शक्यता असेल, आणि फराळ, क्लास, दवाखाना, दुरुस्ती अशा कामांत ती जवळजवळ नेहमीच असते, तर मी एकाच फॅमिलीच्या बाजूने कौल देईन.

कोणताही नवा फॉन्ट घेताना मी आता एक ओळ त्यात टाइप करून पाहतो : ‘आचाऱ्यांनी शाळेजवळ ॲडव्हान्स ऑर्डर घेतल्या, ₹ १,२५०, बुद्धी, सुट्टी, ज्ञान, लाल, शंभर’. यातले ‘लाल’ आणि ‘शंभर’ हे ल आणि श मराठी वळणाचे निघतात की हिंदी, हे कळण्यासाठी आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्याकडे प्रमाण धरले जातात आणि ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयातही ते आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून दिल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’सारख्यात ते आधीपासूनच असते. ही ओळ पडद्यावर न पाहता साध्या कागदावर, पत्रकाच्या खऱ्या आकारात छापून, हातभर अंतरावरून पाहावी, आणि छपाईची प्लेट काढायला होकार देण्यापूर्वी शीर्षकाचे एकेक अक्षर, शक्य असल्यास ज्याने तो मजकूर आधी वाचलेला नाही अशा माणसाकडून, मोठ्याने वाचून घ्यावे.